पक्षी हाती का लागत नाही?

चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर नुसता मजकूर. आपण एक-दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा, खेळाने उत्तर द्यायचं. विल क्राउदर या गुहा-भटक्या प्रोग्रामरने केंटकीतल्या मॅमथ गुहांवरून रचलेला आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये वाढवलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा संगणकावरच्या या मजकुरी खेळांच्या जातकुळीचा मूळपुरुष.

त्यात एक पक्षी आहे. तुमच्याकडे पिंजरा असतो, तरी पक्षी बिचकतो. का? वाटेत उचललेली काळी काठी हातात असते म्हणून. ती खाली ठेवा, पक्षी पकडा, मग काठी खुशाल परत उचला. पुढे वाट अडवून बसलेल्या सापासमोर पक्षी सोडला की तो सापाला पिटाळून लावतो. म्हणजे अडलं की ‘आणखी काय हवं?’ इतकंच नव्हे, ‘हातातलं काय नको?’ हेही विचारायचं.

सगळीच कोडी इतकी सरळ नाहीत. ड्रॅगनला मारा म्हटलं की खेळ खवचटपणे विचारतो, नुसत्या हातांनी? आपण शस्त्र शोधत फिरतो. उत्तर मात्र ‘हो’ एवढंच! मला ही शुद्ध लबाडी वाटते, पण हसू येतंच.

पुढे असेच खेळ बनवणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने कोड्यांत अडलेल्यांसाठी अदृश्य शाईतल्या पुस्तिका विकल्या. खास पेन फिरवलं की आधी पुसटसा इशारा उमटे, पुढच्या ओळीत जरा स्पष्ट, आणि अगदीच हात टेकले तर शेवटी उत्तर.