तारणाच्या विचारात धर्मनियमांचे स्थान

ख्रिस्ती धर्म कृपेचा आणि इस्लाम नियमांचा, अशी विभागणी पुष्कळदा केली जाते. परंतु माणूस धर्मनियम पाळून तरतो की ईश्वराच्या दयेने, हा प्रश्न दोन्ही परंपरांना स्वतःच्याच घरात छळत आला असल्यामुळे ती विभागणी उथळ ठरते.

ख्रिस्ती परंपरेत हा वाद आरंभापासूनचा आहे. यहुदी नसलेल्या व्यक्तीने ख्रिस्ताचा स्वीकार करताना सुंता करून मोशेचे नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांचे विधिनिषेध, पाळावे काय, यावर इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेम येथे प्रेषितांची सभा झाली आणि तिने सुंतेचा आग्रह सोडला. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मेलेले प्राणी व जारकर्म वर्ज्य करणारे मोजके निर्बंध तेवढे राहिले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाची भूमिका अधिक रोखठोक आहे. नियमशास्त्र पाप ओळखायला लावते, पण पापातून सोडवू शकत नाही, सोडवणूक ख्रिस्तावरील विश्वासानेच होते, असे त्याचे प्रतिपादन होते. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचून विश्वास निर्जीव असल्याचे बजावले आहे. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन लूथरने पौलाची बाजू इतकी उचलून धरली की याकोबाचे पत्र त्याला कमी मोलाचे वाटू लागले. उलट ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने, तारणाचा आरंभ कृपेनेच होतो हे मान्य करूनही, त्या कृपेला माणसाने साथ दिली पाहिजे आणि आज्ञापालनही केले पाहिजे, असा निर्णय १५४७ मध्ये दिला. कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या थेट ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, आउग्सबुर्ग येथे.

इस्लामची सुरुवातच वेगळ्या ठिकाणी होते. कुराणानुसार आदमाने चूक केली, पश्चात्ताप केला आणि त्याला क्षमा मिळाली; त्यामुळे वंशजांकडे जन्मतःच चालत येणारे आदिपाप येथे नाही. माणूस विसरतो, भरकटतो, म्हणून अल्लाहने त्याला मार्ग दाखवला, आणि शरियत हा तो मार्ग स्वतःच दयेचे देणे मानला जातो. तरीही नियम मोडणाऱ्याचे काय, यावर कडाक्याचे वाद झाले. घोर पाप करणारा मुसलमानच राहत नाही, असे खारिजी पंथाचे लोक म्हणत. त्याचा निवाडा अल्लाहवर सोपवावा, असे मुर्जिआ पंथाचे मत होते. तर बुद्धिवादी मुअतझिलांनी त्याला श्रद्धावान आणि काफिर यांच्या मधल्या अवस्थेत ठेवले. मान्यता पावलेले सुन्नी मत असे की, ईमान, म्हणजे श्रद्धा, असलेल्या पाप्याला शिक्षा होऊ शकेल, पण तो कायमचा नरकात राहणार नाही. कोणीही केवळ स्वतःच्या कर्मांच्या बळावर स्वर्गात जात नाही, प्रेषित मुहंमदही त्याला अपवाद नाहीत, अशा आशयाची हदीस, म्हणजे प्रेषितवचन, बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आढळते. शरियतीला कोरडी कर्मठता समजणाऱ्यांच्या नजरेतून ती सहसा सुटते. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी तर मन हजर नसलेल्या नमाजाच्या मोलाविषयीच प्रश्न उभा केला.

खरा भेद मूळ निदानात आहे. नियमशास्त्र माणसाला तारू शकत नाही, म्हणूनच पौलाच्या विचारात ख्रिस्ताचे बलिदान अटळ ठरते. पश्चात्ताप करणाऱ्याला अल्लाह थेट क्षमा करतो, असे मानणाऱ्या इस्लामला अशा बलिदानाची गरज भासत नाही आणि शरियत अपुरी म्हणण्याचे कारणही उरत नाही.