अस्सल इअरफोन आणि तोतया इअरफोन

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नांवानें जो तोतया उभा राहिला, त्याचा वृत्तांत मराठी वाचकांस ठाऊकच आहे. १७७६ सालीं कोंकणांत फौज जमविण्यापर्यंत त्याची मजल गेली, आणि त्याच वर्षीं पकडला जाऊन त्यास देहान्त शिक्षा झाली. त्याच्या मागें गेलेले सारेच लोक मूर्ख होते असें नव्हे. समोर दिसलेल्या रूपासच त्यांनीं पुरावा मानिलें. हा मनुष्य आला कोठून, याची पुरेशी चौकशी केली नाहीं. हा इतिहास आज आठवण्याचें कारण एक अगदीं लहानशी वस्तु आहे, ती म्हणजे कानांत घालावयाचा इअरफोन.

ही तर चैनीची वस्तु, तिच्यासाठीं एवढा विचार कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु एका छपराखालीं तीन पिढ्या नांदत असल्या म्हणजे तिचा उपयोग ध्यानांत येतो. आजोबांस पहांटे अभंग ऐकावयाचे असतात, नातवाची परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि सूनबाईंस दिवसभराचीं कामें आटोपल्यावर रात्रीं गाण्याचा पाठ ऐकावयाचा असतो. कोणाचीही झोंप न मोडतां ज्याचें त्यास मिळतें तें या इअरफोनमुळें. नामांकित कंपन्यांचे उंची इअरफोन आज २५,००० रुपयांच्या घरांत जातात. आणि जेथें नांवालाच एवढी किंमत, तेथें नांवाची चोरी होणें ठरलेलेंच.

आम्ही राहतों तें मोरवा गांव भाईंदर पश्चिमेस, राई आणि मुर्धा या गांवांच्या शेजारीं, उत्तनच्या वाटेवर आहे. येथील मंडळी असा माल आणतात त्या वाटा मुख्यतः तीन: फोनवरून घरपोंच मागविणें, लोकल गाडींतील फेरीवाल्याकडून घेणें, किंवा ग्रँट रोडास उतरून लॅमिंग्टन रोडवर जाणें. तिन्ही वाटांवर प्रामाणिक दुकानदार भेटतात तसे तोतयेही भेटतात. अमेरिकेच्या व्यापार-प्रतिनिधीनें २०२१ सालीं नकली मालाच्या जगांतील बाजारांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत मुंबईच्या हिरा पन्ना बाजाराचेंही नांव होतें. या नकली मालास बाजारांत ‘फर्स्ट कॉपी’ असें गोंडस नांव आहे.

ही लबाडी मात्र नवी नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन नामक चौथ्या अधिकरणांत व्यापाऱ्यांच्या कपटांचा विचार आहे. हलका माल भारी म्हणून विकणें, एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून देणें, खोटी झळाळी आणणें, आणि दाखविलेली पेटी बदलून दुसरी हातीं देणें, हे सारे अपराध तेथें एकत्र सांगितले असून, माल अगदीं अल्प किंमतीचा असला तरी ५४ पणांचा दंड ठेविला आहे. आजचा तोतया इअरफोन हे चारही अपराध एकदमच करितो.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिली परीक्षा वेष्टणाची. पूर्वीं छपाईंतील चुका किंवा झाकणाचा ढिलेपणा पाहून माल ओळखूं येई. हल्लीं पेटीची नक्कल हुबेहूब होते. म्हणून रंगरूपापेक्षां मजकूर वाचावा. वेष्टित मालाविषयींच्या २०११ च्या नियमांप्रमाणें परदेशांतून आलेल्या मालावर आयात करणाराचें नांव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष, आणि तक्रारीसाठीं संपर्क हीं छापावीं लागतात. बिनतारी इअरफोनवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचा, ‘आर’ या इंग्रजी अक्षरानें आरंभ होणारा क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्यें तो घातला म्हणजे नोंदणी कोणाची व कोणत्या मालाची हें दिसतें. तेथें भलत्याच मालाचें नांव आलें तर पुढें पहावयाचें कांहीं उरत नाहीं. परदेशीं असलेल्या मुलानें तिकडून आणलेल्या अस्सल वस्तूवर मात्र या खुणा नसूं शकतात, हें विसरूं नये.

दुसरी परीक्षा अंगाची, म्हणजे वजनाची व घडणीची. अॅपल कंपनीच्या दुसऱ्या पिढीच्या ‘एअरपॉड्स प्रो’चा एकेक इअरफोन ५.३ ग्रॅम आणि त्यांची डबी ५०.८ ग्रॅम भरते, असें कंपनीनेंच जाहीर केलें आहे. ओळखीच्या सोनाराच्या कांट्यावर हें सहज पाहतां येतें. वजनांत मोठी तफावत निघाली तर माल खोटा. पण वजन जुळलें एवढ्यावरून तो खरा ठरत नाहीं. २०१५ सालीं अमेरिकेंतील बोल्ट नामक कंपनीच्या एका अभियंत्यानें ‘बीट्स’चे हेडफोन उघडून आंतील भागांचा हिशेब प्रसिद्ध केला. पुढें निष्पन्न झालें कीं त्यानें उघडलेला जोडच तोतया होता! यंत्रें जाणणाऱ्यासही आंतील भाग हातीं असतां खरेंखोटें कळलें नाहीं, तेथें आपण केवळ बाहेरून पाहून कितपत ओळखणार?

तिसरी परीक्षा कानाची. रबरी टोंक कानांत घट्ट न बसलें तर अस्सल इअरफोनचाही खर्ज नाहींसा होतो, म्हणून आधीं योग्य मापाचें टोंक लावावें. मग आपल्या चांगल्या परिचयाचें ध्वनिमुद्रण ऐकावें. एकच गायक गात असेल तर त्याचा आवाज बहुधा डोक्याच्या मधोमध भासतो. तो सतत एकीकडे ओढला जात असेल तर दोन बाजू सारख्या नाहींत. कित्येक उंची इअरफोनांत चुंबकांच्या मध्यें तोलून धरलेल्या बारीक लोहपट्टीचीं अनेक सूक्ष्म यंत्रें बसविलेलीं असतात. त्यांची नक्कल खर्चाची, म्हणून तोतयांत त्या जागीं एकच स्वस्त पडदा घालितात आणि खर्ज फुगवून ठेवितात. नवख्या कानास हा फुगवटाच भारी वाटतो.

चौथी परीक्षा क्रमांकाची. प्रत्येक नगावरील अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा हें बरेंच. परंतु एका खऱ्या नगाचा क्रमांक हजारों खोट्या नगांवर छापणें अवघड नाहीं. या चारही परीक्षांचें तात्पर्य एकच कीं, त्या खोट्यास उघडें पाडितात, खऱ्यास सिद्ध करीत नाहींत.

आमच्या परिचयाच्या एका घरांत धाकट्या दिरानें आपल्या पहिल्या पगारांतून वहिनींसाठीं असा एक जोड आणिला. फोनवर आलेल्या जाहिरातींत किंमत निम्म्याहून कमी होती. वहिनी गाणें शिकतात. पंधरा दिवसांनीं त्यानें विचारिलें, “वहिनी, तो जोड हल्लीं तुमच्या कानांत दिसत नाहीं?” त्या म्हणाल्या, “भाऊजी, राग मानूं नका. त्यांतून तंबोरा ऐकला कीं जवारीच हरवते. मला वाटलें, माझेच कान बिघडले.” पैसे गेले ते गेलेच, कारण विकणाराचा फोन बंद झाला होता. परंतु एका शिकणाऱ्या बाईनें पंधरा दिवस आपल्याच कानावर अविश्वास धरिला, आणि देणाऱ्याचें मन दुखूं नये म्हणून तें कोणास बोलूनही दाखविलें नाहीं, ही हानि आम्हांस अधिक मोठी वाटते. दिरानें मग हजार रुपयांच्या आंतील साधा, तारेचा, पण पावतीसह मिळालेला इअरफोन आणिला. आतां वहिनी रोज त्यावरच पाठ ऐकतात.

यावरून पांचवी आणि खरी परीक्षा कळून येते. ती वस्तूची नसून वाटेची आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तिच्या अधिकृत विक्रेत्यांचीं नांवें असतात तीं पाहावीं. फोनवरील बाजारांत मोठें नांव बाजाराचें असतें आणि विकणारा निराळाच असतो. त्याचें नांव, पत्ता वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. जीएसटी क्रमांकाची पावती मागावी. पेटी उघडतांना फोनवर चित्रण करून ठेवावें. आणि नव्या मालाची किंमत निम्म्यावर आली असेल तर ती कां, हें आधीं विचारावें.

इतकें करूनही फसवणूक झालीच तर गप्प बसूं नये. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणें अशा बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच देऊन एका महिन्यांत तक्रारीचें निवारण करावयाचें असतें. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेंही काम न झाल्यास आपल्या भागांतील लोकांस ठाणें जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जातां येतें. २०१९ च्या कायद्यानें तक्रारदारास आपण राहतों त्या जिल्ह्यांत दाद मागतां येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाहीं.

आणखी एक गोष्ट घरांतील वडिलधाऱ्यांसाठीं. खोटें व्यापारचिन्ह लावलेला माल विकणारास १९९९ च्या कायद्यानें ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. ‘फर्स्ट कॉपी’ जाणूनबुजून घेणारास सहसा कोणी विचारीत नाहीं. पण घरांतील मुलें पाहत असतात. चोरीचें नांव मिरविणें चालतें, हा धडा तीं तेथेंच शिकतात. तेव्हां २५,००० रुपये खर्चण्याची ऐपत नसेल, तर हजार रुपयांचा साधा इअरफोन त्याच्या स्वतःच्या नांवानें घरांत आणावा, आणि त्याची पावती पेटींत जपून ठेवावी.