फुलोरा एकाच महिन्यातला, तहान वेगळी

१ मे हा महाराष्ट्र दिन. साताऱ्यात याच दिवशी गुलमोहर दिनही साजरा होतो. तेव्हा गुलमोहर पेटलेला असतो आणि राज्यफुलाचा मान असलेलं ताम्हण जांभळ्या तुऱ्यांनी लगडायला लागलेलं असतं. पुढे पावसाच्या तोंडावर सोसायट्या, शाळा, ग्रामपंचायती रोपं आणायला निघतात. रोपवाटिकेत ही दोन्ही रोपं काळ्या पिशव्यांत शेजारीशेजारी उभी असतात आणि निवड होते ती बहुतेक वेळा रंगावरून. लाल हवा की जांभळा? माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी पाहायचं ते पाणी, मग मुळांना मिळणारी जागा.

दोन्ही झाडांना दिवसभराचं ऊन लागतं. इमारतींच्या सावलीत दोन्ही लांबुळकी वाढतात आणि फुलायला कुरकुरतात. त्यांच्या गरजांमधलं साम्य जवळपास इथंच संपतं.

कोरड्या रानातला गुलमोहर

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तिथल्या उत्तर आणि पश्चिम भागात, जिथं वर्षाचे सात-आठ महिने पाऊस फिरकत नाही, अशा पानझडी जंगलात तो वाढतो. वनस्पतिशास्त्रज्ञ वेन्सेस्लास बोयर यांना सापडलेल्या या झाडाचं शास्त्रीय वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झालं. एकोणिसाव्या शतकातच तो भारतात पोहोचला आणि इतका रुळला, की तो परका आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला पटत नाही. त्याच्या मायभूमीतलं जंगल मात्र कोळशासाठी आणि शेतीसाठी तुटत आलं आहे.

त्याचा स्वभाव त्या रानातूनच आला आहे. उन्हाळ्यापूर्वी तो पानं गाळतो, काही महिने कोरडा राहतो आणि मग बहरतो. हा कोरडा विसावा त्याला हवा असतो. रोज पाणी मिळणाऱ्या हिरवळीच्या मधोमध लावलेला गुलमोहर पानांनी गच्च होतो, पण फुलं देताना हात आखडतो. पाण्याचा निचरा होणारी मुरमाड, हलकी जमीन त्याला चालते. दख्खनच्या पठारावर तो खुलतो, त्याचं कारण हेच.

त्याची अडचण वेगळी आहे. मुळं खोल जात नाहीत, जमिनीच्या वरच्या थरात लांबवर पसरतात. फांद्या आडव्या वाढतात आणि लाकूड ठिसूळ असतं. झाडाची उंची साधारण दहा-बारा मीटर असते, पण छत्रीचा घेर अनेकदा त्याहूनही मोठा भरतो. असं झाड अरुंद पदपथावर लावायचं, बुंध्याभोवती सिमेंट ओतायचं, केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडायची आणि जूनच्या पहिल्या वादळात ते कोसळलं की गुलमोहर धोकादायक म्हणायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. भिंत, वाहनतळ आणि विजेच्या तारांपासून त्याला किमान वीस फूट दूर ठेवावं. माळावर, टेकडीच्या उतारावर, मोकळ्या मैदानाच्या कडेला त्याच्यासारखा दुसरा देखणा वृक्ष विरळा.

ओढ्याकाठचं ताम्हण

ताम्हण इथलंच. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर भागात ओढ्या-नद्यांच्या काठानं ते आपसूक उगवतं. पूर्वेकडे आसामपासून आग्नेय आशियापर्यंत त्याचा पसारा आहे. आसामात त्याच्या टिकाऊ लाकडाच्या होड्या होतात. फिलिपिन्समध्ये त्याच्या पानांचा काढा पितात.

त्याची मुळं ओलाव्याला सरावलेली असतात. पावसाळ्यात पाणी साचतं अशा सखल जागेत गुलमोहराची मुळं कुजतील, ताम्हण तिथं तग धरतं. खोल, गाळाची, थोडी आम्ल माती त्याला मानवते. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडू लागतात. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या कोरड्या जमिनीत ते जगतं, पण उन्हाळ्यात पाण्याची सोय नसेल तर खुरटं राहतं आणि तुरेही लहान येतात.

शहरी जागेच्या दृष्टीनं त्याचा बांधा सोयीचा आहे. ते गुलमोहरासारखं आडवं पसरत नाही, लाकूडही मजबूत असतं. फूल सहा पाकळ्यांचं, चुरगळलेल्या रेशमी कापडासारखं. तुरा खालून वर उमलत जातो आणि जुनी फुलं फिकट होत जातात, म्हणून एकाच तुऱ्यात जांभळ्याच्या अनेक छटा दिसतात. परागासाठी मधमाश्या येतात. गळण्यापूर्वी पानं तांबूस होतात आणि सहा फाकांत उकललेली कठीण बोंडं पुढच्या बहरापर्यंत फांदीवर राहतात. मे महिना सोडूनही या झाडाकडे पाहण्यासारखं बरंच असतं.

बीपासून झाडापर्यंत

गुलमोहराच्या लांब, तलवारीसारख्या शेंगेतलं बी कठीण कवचाचं असतं. गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवलं किंवा कवच एका बाजूनं कानशीनं थोडं घासलं, की ते लवकर रुजतं. ताम्हणाचं बी बारीक, पंखाचं. हिवाळ्यात बोंडं तडकू लागली की ते गोळा करावं. उगवण कमी-जास्त होते, म्हणून वाफ्यात थोडं जास्तच पेरावं. पहिल्या वर्षी त्याची वाढ सावकाश असते. रोप निदान कमरेएवढं झाल्यावरच बाहेर लावलेलं बरं.

लावणी दोन्हींची पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, पोयट्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं आणि आधाराला काठी द्यावी. पहिले दोन उन्हाळे दोघांनाही पाणी हवंच. तिसऱ्या वर्षापासून गुलमोहराचं कमी करत जावं, ताम्हणाचं चालू ठेवावं.

छाटणीतही फरक आहे. गुलमोहराला कोवळ्या वयातच वळण लावावं: एक सरळ खोड राखावं, खालच्या आडव्या फांद्या बारीक असतानाच काढाव्यात. मोठी फांदी तोडली की जखम लवकर भरत नाही आणि खोड आतून कुजू लागतं. ताम्हण नव्या फुटीच्या टोकाला फुलतं, म्हणून हलकी छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, नवी पालवी येण्याआधी उरकावी. उन्हाळ्यात कात्री लावली तर त्या वर्षीचा बहर गेला. शहरात वाढलेल्या झाडाच्या फांद्या छाटायच्या तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. म्हणूनही सुरुवातीची निवड नीट व्हायला हवी.

मग कुठलं लावायचं?

कोकण, गोवा, मुंबई किंवा कोल्हापूरच्या पश्चिमेकडचे तालुके, तळ्याचा काठ, नाल्याची कड, सोसायटीतली पाणी साचणारी जागा या ठिकाणी ताम्हणच लावावं. आपल्या राज्यफुलाचं झाड न पाहिलेली माणसं आजही भेटतात, आणि त्यावर उपाय एकच, ते डोळ्यांसमोर वाढवणं. पठारावरची कोरडी, ऐसपैस जागा असेल तर गुलमोहर जरूर लावावा, मात्र त्याला हातपाय पसरू द्यावेत.

अजून ठरत नसेल तर यंदा घाई करू नये. जुलैत जोराचा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर जावं. पाणी किती वेळ साचून राहतं, भिंत किती पावलांवर आहे, डोक्यावर तारा आहेत का, हे पाहून घ्यावं. झाड पन्नास वर्षं तिथं उभं राहणार असेल, तर त्या जागेचा एक पावसाळा पाहणं हे त्याच्या संगोपनातलं पहिलं काम आहे.