नोकरी सोडण्याआधी नाडी दाखवा

"डॉक्टरसाहेब, एक महिन्याचं मेडिकल पाहिजे होतं," असे म्हणत काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ३८, बँकेत रोखपाल. घरची ओळख जुनी, त्यांच्या दोन्ही मुलांचे ताप-खोकले माझ्याच हाताखालून गेलेले. आजार काय, असे विचारले तर हसले. "आजार काही नाही. कावीळ लिहा, टायफॉईड लिहा, तुम्हाला जे बरं वाटेल ते."

असे दाखले मागणारे महिन्याला दोन-चार तरी येतात. लग्नाला जायचे असते, सोयाबीन काढायचे असते. खोटा दाखला देणे हे वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे गैरवर्तन आहे, आणि मी तो देत नाही हे किनवटात बहुतेकांना ठाऊक आहे. तरी यांचे कारण वेगळे निघाले. "महिनाभर घरी बसून सव्वानऊ ते साडेतीन बाजार बघतो. जमलं की राजीनामाच टाकून देतो. काउंटरवर बसून मोबाईल बघता येत नाही ना, म्हणून तोटा होतो."

वाचकहो, आरोग्याच्या सदरात शेअर बाजार कशाला, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले असते. पण दाखला नाकारल्यावर, आलाच आहात तर रक्तदाब पाहू म्हणून मी पट्टा बांधला. १६६/१०४ भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा घेतला, १६०/१०२. नाडी १०८. खोटे आजारपण मागायला आलेला माणूस खराच आजारी होता. (त्यांची संमती घेऊनच हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एका वेळच्या मापावरून गोळी सुरू करू नये. दवाखान्यात आल्यावरच अनेकांचा दाब चढतो. म्हणून घरी यंत्र घेऊन आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा, असे सांगितले. डोके कधी दुखते तेही लिहा म्हटले. आठ दिवसांनी वही आली. रविवारी दाब १३४/८६, मंगळवारी दुपारी १६०/१००. डोकेदुखी मंगळवारी आणि गुरुवारी, बाकी दिवस नावाला. मला वाटले उपवास असतील. ते म्हणाले, "नाही साहेब, एक्स्पायरी असते."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेअर विकत घेऊन पाच-दहा वर्षे ठेवणे हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात शेअर घेतच नाहीत. भाव अमुक दिवसापर्यंत वर जाईल की खाली, याच्या मुदतीच्या सौद्यात पैसे लावतात. याला फ्युचर्स-ऑप्शन म्हणतात. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीच्या साप्ताहिक सौद्याची मुदत मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी संपते. त्या दिवशी दुपारी तासाभरात पैसे दुप्पट होऊ शकतात, आणि बहुधा शून्य होतात. आमचे रोखपाल या दुसऱ्या प्रकारात होते.

बहुधा हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा (२०२१-२२ ते २०२३-२४) हिशेब जाहीर केला. या सौद्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा कमावणारे फक्त एक टक्का. सलग दोन वर्षे तोटा खाऊनही तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक खेळतच राहिले. पुढच्या वर्षीही, म्हणजे २०२४-२५ मध्ये, ९१ टक्के तोट्यातच होते. आणखी एक आकडा आपल्यासारख्या गावांचा आहे. यातले ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे हा मुंबईच्या दलाल स्ट्रीटचा रोग राहिलेला नाही. तो नंदीग्राम एक्स्प्रेसने नाही, मोबाईलवरून किनवटला आला.

तसे हे वेड जुनेच. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि आपल्या देशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर लोक तुटून पडले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला मुदतीचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सम्राटही त्यातून सुटला नाही. तेव्हाही घात मुदतीच्या सौद्यांनीच केला होता.

आता शरीराकडे वळू. समोर वाघ आला की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, दाब चढतो, तळहाताला घाम येतो. धोका टळला की सारे खाली येते. पण धोका तासन्‌तास डोळ्यांपुढे लाल-हिरवा चमकत राहिला तर दुसरे संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढलेलेच राहते. त्याने साखर वाढते, झोप मोडते, पोट बिघडते. केंब्रिजच्या जॉन कोट्स यांनी लंडनमधल्या १७ सौदेबाजांची लाळ आठ कामाच्या दिवशी, दिवसातून दोनदा तपासली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजार जितका अस्थिर, तितके त्यांचे कॉर्टिसॉल जास्त, असे दिसले. हे कोट्स आधी स्वतः वॉल स्ट्रीटवर सौदे करीत, म्हणून त्यांचे म्हणणे मला अधिक पटते. कॅलिफोर्नियातल्या इस्पितळांच्या नोंदी तपासणाऱ्यांना तर असे आढळले, की बाजार जोरात पडला की त्याच दिवशी भरती होणाऱ्यांची संख्या वाढते, विशेषतः घबराट आणि चिंतेच्या विकारांची.

रोखपालांच्या झोपेचे विचारले. रात्री अमेरिकेचा बाजार बघायचा, मग गुजरातेतल्या गिफ्ट सिटीतला निफ्टी. तो रात्री पावणेतीनपर्यंत चालतो आणि सकाळी साडेसहाला पुन्हा उघडतो. मधल्या पावणेचार तासांत जी डुलकी लागेल ती झोप. दिवसाला आठ-नऊ चहा. "झोपेची एखादी गोळी द्या," म्हणाले. ती मी दिली नाही.

यात मी फार शहाणा आहे असे समजू नका. २०२० च्या टाळेबंदीत मीही खाते उघडले होते. एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. काय ऐकले ते मला सांगता येईना. पुन्हा ऐकावे लागले. त्या म्हणाल्या, "लई वेळ ऐकायलात डॉक्टर, काय निघालं का?" त्या संध्याकाळी मी ते अ‍ॅप काढून टाकले. शेअर आहेत थोडेसे, वर्षातून एकदा बघतो.

पुढच्या भेटीला ते एकटे आले नाहीत. वहिनी बरोबर होत्या, कपाटातली बांगड्यांची डबी रिकामी सापडल्यानंतरच्या चेहऱ्याने. लग्नसराईत घालायला काढायला गेल्या तेव्हा कळले, की सोने तारण ठेवले आहे. "मला एक शब्द नाही सांगितला, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या. ते खाली बघत होते.

मी त्यांना हिशेब मागितला. ते म्हणाले, चार महिन्यांत ९० हजार कमावले. मी म्हटले, चार महिन्यांचा नको, पहिल्या दिवसापासूनचा दाखवा. दलालाच्या अ‍ॅपवर नफा-तोट्याचा पत्रक असतो, तो तिथेच माझ्यासमोर काढला. २१ महिन्यांत दलाली, कर, शुल्क धरून ३ लाख ४० हजारांचा तोटा. रोज संध्याकाळी दुसऱ्यांची रोकड रुपयापर्यंत जुळवून घरी येणारा हा माणूस. स्वतःची रोकड त्याने एकदाही जुळवली नव्हती.

हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावणे, घरच्यांपासून लपवणे, उसने किंवा तारण, आणि खेळ नसला की चिडचिड, ही जुगाराच्या व्यसनाची लक्षणे आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारू आणि अफूच्या व्यसनांशेजारी बसवला तो याचसाठी. प्रत्येक शेअरवाला व्यसनी नसतो. पण जो आहे त्याला नोकरी सोडायला सांगणे म्हणजे दारुड्याला गुत्त्यावर राहायला पाठवणे.

मग नोकरी कधीच सोडू नये का? त्यांनी मला हेच विचारले. मी बाजाराचा जाणकार नाही, पण डॉक्टर म्हणून माझ्या काही अटी आहेत, त्या सांगितल्या. पुरी दोन आर्थिक वर्षे, त्यात बाजार पडलेला काळही आलेला असावा, सगळा खर्च आणि कर वजा जाता कागदावर नफा दिसला पाहिजे. तोही पगाराइतका नव्हे, पगार अधिक भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि आजारपणाच्या भरपगारी रजा यांच्याइतका. डेंग्यू झाला तर बँक पगार देते, निफ्टी देत नाही. वर्षभराचा घरखर्च वेगळा बाजूला असावा, डोक्यावर कर्ज नसावे आणि बायकोला शेवटच्या रुपयापर्यंत ठाऊक असावे.

विम्याचे तर कोणी मनातच घेत नाही. बँकेचा वैद्यकीय विमा राजीनाम्याबरोबर जातो. नवा घ्यायला गेलात की रक्तदाब लिहावा लागतो, आणि आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणून आपला स्वतंत्र विमा नोकरीत असतानाच घ्यावा आणि ती मुदत नोकरीतच संपू द्यावी. परतीचे दारही पाहून ठेवावे. बँकेच्या लिपिक भरतीला खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा २८ आहे, राखीव प्रवर्गाला काही वर्षांची सवलत. चाळिशीला टेकलेल्याला ते दार बंद.

आणि सर्वांत आधी मी झोप पाहतो. मोठा तोटा झालेल्या रात्री गोळीशिवाय, चहाशिवाय, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सात तास झोप लागली पाहिजे. या सगळ्या अटी पाळणारी माणसे असतात, मी दोन पाहिली आहेत. गंमत म्हणजे त्यातल्या एकालाही नोकरी सोडायची घाई नाही.

एक गोष्ट घरच्यांसाठी. कर्जात अडकलेला माणूस "माझ्यामागं विम्याचे तरी येतील" अशी भाषा करू लागला, तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटे सोडू नका, घरात फवारणीचे औषध असेल तर कुलपात घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येते, मराठीतही.

रोखपालांना रक्तदाबाची एक गोळी सुरू केली आहे. मीठ कमी, चहा तीन कप, पैनगंगेच्या बाजूला सकाळी पाऊण तास चालणे. नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे, पहिली भेट झाली. मोबाईलमधले अ‍ॅप वहिनींनी काढले, पण खाते अजून बंद केलेले नाही. परवा वही दाखवायला आले तेव्हा मंगळवारचा आकडा १४२/९० होता. राजीनाम्याचा कागद टाइप करून ठेवला होता, तो कुठे आहे विचारले. "ड्रॉवरमध्ये आहे, साहेब," म्हणाले. फाडला का, असे मी विचारले नाही. चार आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे.