साहसाची एकदिवसीय सहल: ‘नाही’ म्हणणारा गाइड हवा

सकाळचे आठ वाजले होते आणि नदीत पाणीच नव्हतं. अगदी कोरडी ठणठणीत नव्हती, पण काळ्या खडकांमधून घोट्याएवढ्या धारा वाहत होत्या आणि मधल्या डबक्यांत बगळे निवांत उभे होते. काठावर रबरी राफ्ट ओळीनं मांडून ठेवलेल्या आणि त्यांच्याभोवती पहाटे घर सोडून आलेली शे-दीडशे माणसं.

‘‘काकू, यात बोट चालणार कशी?’’ इंदूरहून आलेल्या माझ्या पुतण्यानं विचारलं. मीही त्याच विचारात होते.

हे ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यातलं कोलाड. मुंबई-गोवा महामार्गावर, मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटर. पुण्याहून येणारे ताम्हिणी घाट उतरून येतात. इथे कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं आणि त्याच्या जोडीला झिपलाइन, दोरांचा पूल, कयाक असं सगळं एकाच दिवसात उरकून देणाऱ्या सहली मिळतात. सकाळी नाश्ता, मग राफ्टिंग, दुपारचं जेवण, त्यानंतर बाकीचे खेळ आणि चहा पिऊन परत. एका पावतीत सगळं. आजकाल ऋषीकेश असो, दांडेली असो की मनाली, सुट्टीत सहकुटुंब जाणाऱ्यांना देवदर्शन आणि बाजारहाट याखेरीज असा एखादा दिवस हवाच असतो. मुलांचा तर हट्टच असतो.

आमच्याकडेही तेच झालं. नाताळच्या सुट्टीत मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा मुंबईला आले होते. माझी पंधरा वर्षांची लेक आणि हा पुतण्या यांनी मिळून बेत ठरवला आणि आम्हा मोठ्यांना त्यात ओढलं. सासूबाई आणि नऊ वर्षांचा धाकटा काठावर बसून मजा बघणार होते. धाकट्याला राफ्टमध्ये घेणार नाहीत हे आधीच सांगितलं होतं, कारण इथे साधारणपणे चौदा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. त्यावर घरात रडारड होऊन गेली होती.

फॉर्ममधला एक रकाना

पाण्याची वाट बघत असतानाच आमच्या हातात फॉर्म दिले गेले. नाव, वय, पोहता येतं का आणि मग आजारांची यादी. हृदयविकार, रक्तदाब, दमा, फिट्स, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण. आपण असे फॉर्म कसे भरतो ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. भाऊजींनी वरपासून खालपर्यंत ‘नाही’वर एकच लांब रेघ ओढली आणि सही ठोकली.

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. दोन स्टेंट घातले आहेत. मी हळूच म्हटलं, ‘‘भाऊजी, गोळ्यांचं लिहायचं राहिलं का?’’

‘‘अगं, त्याला आता दोन वर्षं झाली. रोज चार किलोमीटर चालतो मी. उगाच पोरांचा विरस नको.’’

मी गप्प बसले. मोठ्या दिरांशी चारचौघांत वाद घालणं मला जमलं नाही, हे इथे कबूल करायला हवं. जाऊबाईही नदीकडे बघत राहिल्या.

आमचा गाइड नेपाळचा होता. कोलाडला बरेच गाइड तिकडून आलेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली गावातली मुलं तयार झाली आहेत. त्यानं फॉर्म गोळा केले, पण नुसते खिशात कोंबले नाहीत. एकेकाच्या समोर उभा राहून तो हिंदी-मराठीच्या मिसळीत एकच प्रश्न विचारत होता, ‘‘रोज कुठली गोळी घेता?’’ आजार विचारला तर माणूस ‘काही नाही’ म्हणतो, गोळी विचारली की अडखळतो. भाऊजी अडखळले.

तेव्हा जाऊबाई बोलल्या. ‘‘रक्त पातळ करायची घेतात. आणि रक्तदाबाची.’’

गाइडनं भाऊजींच्या हातातलं लाइफ जॅकेट हलकेच काढून घेतलं. ‘‘साहेब, तुम्ही राफ्टमध्ये नाही. जीपनं खाली चला, आपण तिथे भेटू.’’ माझे पती मध्ये पडले, ‘‘अहो, पैसे भरलेत त्यांचे, डॉक्टरांची काही मनाई नाहीये.’’ यावर तो म्हणाला, ‘‘पैशांचं ऑफिसात बोला. राफ्ट माझी आहे.’’

भाऊजींचा चेहरा पडला. बावन्न वर्षांच्या, पीथमपूरच्या कारखान्यात शंभर माणसं हाताखाली असलेल्या गृहस्थाला मुलाबाळांसमोर बाजूला काढलं होतं. पण विचार केला तर त्या गाइडचं काय चुकलं? थंड पाण्यात अचानक पडलं की श्वास अडकतो, छातीचे ठोके एकदम वाढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खडकाचा साधा मार लागूनही रक्तस्राव लवकर थांबत नाही. आणि नदीच्या मध्यावरून दवाखाना जवळ नसतो. डॉक्टरांनी मनाई केली नव्हती हे खरं, पण त्यांना विचारलंच कोणी होतं?

पाणी आलं

साडेआठच्या सुमारास बगळे उडाले. मग डबकी एकमेकांना जोडली गेली, खडक एकेक करून बुडू लागले आणि अर्ध्या तासात समोर दोन्ही काठ भरून वाहणारी हिरवट नदी होती. ना पाऊस, ना ढग. सासूबाईंनी तर हातच जोडले.

हे पाणी विजेचं. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचं धरण आहे, टाटांनी बांधलेलं. मुळा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी, भीमा-कृष्णेच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला जाणारी. धरणात अडवलेलं तिचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडतात. १९२७ सालापासून तिथे वीज होते आहे. जनित्रं फिरवून झालं की तेच पाणी कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. याच धरणात जमिनी जाणार म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला होता आणि सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं होतं. राफ्टमध्ये बसून आरोळ्या ठोकणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत असतं?

सहलीच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की इथली वेळ नदी ठरवत नाही, वीजकेंद्र ठरवतं. म्हणून सगळी गर्दी सकाळी. उशिरा पोहोचलात तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि एखाद्या दिवशी पाणी सुटलंच नाही तर परत फिरावं लागतं. दांडेलीच्या काळी नदीवरही वरच्या सुपा धरणातून किती पाणी सुटतं यावरच सारं अवलंबून असतं.

पाणी वाढत असताना गाइडनं वीस मिनिटं शिकवणी घेतली. आजूबाजूचे गट फोटो काढण्यात गुंग होते, पण आमच्या माणसानं सगळ्यांचे फोन काढून घेतले. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानं स्वतः आवळले आणि खांद्याला धरून जॅकेट वर ओढून पाहिलं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पुन्हा आवळायचं. वल्ह्याच्या टोकाची मूठ कधीही सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात पडतात. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण वाहत्या पाण्यात पाय खडकांत अडकला की प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. दोर फेकला तर दोर धरायचा, पिशवी नाही. हे त्यानं प्रत्येकाकडून वदवून घेतलं, काठावर झोपवून करवूनही घेतलं. जाऊबाई पंजाबी ड्रेसमध्ये गवतावर उताण्या पडल्या तेव्हा हसून आमची पुरेवाट झाली.

नदीच्या खळाळांची जगभर एक ते सहा अशी प्रतवारी करतात. कुंडलिका एरवी दोन ते तीनमध्ये मोडते, म्हणजे नवशिक्यांना झेपेल अशी. साधारण बारा किलोमीटरचा पल्ला. पहिल्या दोन खळाळांत तोंडावर पाणी आलं आणि भीती गेली. तिसऱ्याला माझी लेक गेली.

राफ्ट एका लाटेवर तिरकी झाली आणि माझ्या पुढची जागा रिकामी दिसली. माझ्या तोंडून आवाजही फुटला नाही. दहा-पंधरा सेकंदच झाले असतील. मला दिसले ते पाण्याबाहेर काढलेले तिचे दोन बूट. ती उताणी होती, पाय पुढे, हात पसरलेले. बरोबरच्या छोट्या कयाकमधला मुलगा तिच्याजवळ पोहोचला, त्यानं तिला आमच्याकडे ढकललं आणि गाइडनं जॅकेटच्या खांद्याला धरून तिला आत ओढलं. ‘‘आई, मी पाय खाली नाही टाकले,’’ हे तिचं पहिलं वाक्य.

जेवणानंतर

खाली भाऊजी, सासूबाई आणि धाकटा जीपपाशी वाट बघत होते. भाऊजी फारसं बोलले नाहीत. तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा होता, त्यांनी गोळ्या घेतल्या आणि बाजूला जाऊन बसले.

दुपारचे खेळ दुसरीकडे होते, जीपनं पंधरा मिनिटांवर. तिथे गेल्यावर कळलं की माणसंही दुसरी आहेत. आपण एका पावतीवर पैसे भरतो, पण सकाळची राफ्ट एकाची असते, झिपलाइन दुसऱ्याची आणि जेवण तिसऱ्याचं. सकाळच्या शिस्तीवर विश्वास ठेवून आपण दुपारी डोळे मिटून पुढे जातो. इथे फॉर्म नव्हता, गोळ्यांची चौकशी नव्हती. लाकडी मचाणावर तीसचाळीस जणांची रांग आणि वर एक घाईला आलेला पोरगा.

पुतण्या वर चढला. त्या पोरानं त्याच्या कमरेच्या पट्ट्याला एक दोर जोडला, कॅराबिनर म्हणतात ती कडी अडकवली आणि पाठीवर थाप मारली.

‘‘थांब!’’ खालून भाऊजी ओरडले. ‘‘दुसरी कडी कुठे आहे?’’

‘‘एकच लागते अंकल. रोज दोनशे जण जातात.’’

‘‘आमच्याकडे पत्र्यावर चढणाऱ्या माणसालाही आम्ही दोन हुक लावतो. एक सुटला तर दुसरा. आणि त्याच्या मांडीचा पट्टा बघ, लोंबतोय. खाली उतर रे.’’

‘‘बाबा, सगळे बघतायत!’’

‘‘बघू देत.’’

पुतण्या उतरला. रांगेतले काही जण हसले. आमच्या मागचे लोक त्याच दोरावरून पलीकडे गेले, सुखरूप पोहोचले आणि टाळ्याही झाल्या. त्या दिवशी आमच्या मुलालाही काही झालं नसतं कदाचित. पण मुख्य दोराखेरीज वेगळा राखीव दोर हवा, मचाणावर उभ्या माणसालाही बांधलेलं हवं आणि सोडण्याआधी सगळे पट्टे पुन्हा तपासायला हवेत, हे त्या धंद्यातले जाणकारच सांगतात. आम्ही बाकीचे खेळ सोडून दिले. त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत.

जाण्याआधी विचारा

महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये साहसी खेळांसाठी सुरक्षेच्या सूचना काढल्या आणि २०२१ च्या धोरणात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. उत्तराखंडात जून २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं नियम होईपर्यंत राफ्टिंगच थांबवलं होतं. तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. प्रत्येक खेळ कोण चालवतं तेही विचारा. राफ्टबरोबर बचावाची कयाक असते का, गाइडचं प्रशिक्षण कुठे झालं, जवळचा दवाखाना किती लांब आहे? या प्रश्नांना जो वैतागतो त्याच्याकडे जाऊच नये असं माझं मत आहे. आपल्या विम्याचे कागदही एकदा बघा, अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

घरात कोणाला हृदयविकार, दमा, फिट्स, पाठीचं दुखणं असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा आणि फॉर्मवर खरं लिहा. चष्म्याला दोरी बांधा. सुती कपडे आणि जीन्स भिजून जड होतात, त्यापेक्षा लवकर वाळणारे कपडे घाला. चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट चालतील. अंगठ्या, बांगड्या घरी ठेवा. सुक्या कपड्यांचा जोड गाडीत असू द्या, डिसेंबरात पाणी गार असतं. काठावर राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी टोपी, पाणी आणि एखादी सतरंजी न्या. सासूबाईंची तीच तक्रार होती, की दगडावर बसून कंबर धरली.

जानेवारीच्या अखेरीस इंदूरहून फोन आला. भाऊजींची ट्रेडमिल टेस्ट झाली होती. डॉक्टरांनी औषधं थोडी बदलली होती आणि राफ्टिंगचं नाव काढल्यावर आणखी सहा महिने थांबून पुन्हा या म्हणून सांगितलं होतं.

‘‘तुमच्या त्या वीजवाल्यांना विचारून ठेव,’’ भाऊजी म्हणाले, ‘‘पुढच्या डिसेंबरात पाणी सोडणार आहेत ना?’’