बॅटरीवरचा पाना निवडताना

मोटारीच्या चाकाचे नट साधारणपणे १०० ते १२० न्यूटन-मीटर जोराने आवळतात. तोच नट गंजला की सोडवायला याहून बराच जास्त जोर लागतो. इथे इम्पॅक्ट रेंच कामाला येतो. त्याच्या आतला हातोडा मिनिटाला दोन-तीन हजार वेळा आदळतो, त्यामुळे मनगटाला फारसा हिसका न बसता नट सुटतो.

कारसाठी १८ व्होल्टचा, अर्धा इंची टोकाचा, ४०० ते ६०० न्यूटन-मीटरचा रेंच पुरेसा आहे. हजाराचे धूड ट्रकसाठी ठेवावे. जाहिरातीतला आकडा आवळण्याचा आहे की सोडवण्याचा, हे दुकानात जरूर विचारावे. सोडवण्याचा आकडा नेहमी मोठा दिसतो.

बॅटरीवरच्या रॅचेटचे काम वेगळे. इंजिनाच्या अडचणीच्या जागी त्याची सडपातळ मान शिरते, पण जोर बहुतेकदा ४० ते ८० न्यूटन-मीटरच. त्यामुळे घट्ट बोल्ट आधी हाताने सैल करावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हातपान्याचे चकचकीत क्रोम सॉकेट इम्पॅक्टवर कधीही लावू नयेत. ते तडकून तुकडा डोळ्यात उडू शकतो. काळे, जाड इम्पॅक्ट सॉकेटच घ्यावेत, आणि चाकाचा शेवटचा पीळ टॉर्क रेंचनेच द्यावा.