पक्षिपरिचय : खेळांतून पाठ

रत्नागिरी जिल्ह्यातील मूल शाळेत येण्यापूर्वीच पुष्कळ पक्षी ओळखीत असते. माडावरची घार, खाडीकाठचा बगळा, पऱ्ह्यावर झेप घेणारा खंड्या ही त्याची नित्याची मंडळी होत. तथापि त्याच मुलाच्या खिशात पुष्कळदा बेचकीही असते. ज्याचे जीवन ठाऊक नाही, त्याच्यावर नेम धरणे सोपे जाते. म्हणून हा पाठ केवळ चित्रावरून न देता पुढील खेळांतून द्यावा.

(१) चोचींचा खेळ : चिमटा, सांडशी व पपईच्या देठाची नळी मुलांत वाटावी. पाण्यातील चिंचोके उचलणे, भुईमुगाची शेंग फोडणे व अरुंद बाटलीतील पाणी ओढून घेणे ही कामे प्रत्येक साधनाने करून पाहावयास सांगावे. एका साधनाने सर्व कामे होत नाहीत, हे लगेच ध्यानी येते. मग बगळा, पोपट व फुलातील मध पिणारा शिंजीर यांच्या चोचींचे भेद मुले आपणच सांगतात.

(२) घरट्याचा पाठ : पावसाळा सरल्यावर गळून पडलेले सुगरणीचे घरटे वर्गात आणावे. मुलांनी त्यातील पाती सोडवून मोजावी व पुन्हा तसेच विणण्याचा यत्न करावा. दहा बोटांनी जे साधत नाही, ते पक्षी एका चोचीने साधतो. नाव सुगरण असले तरी विणणारा नर असतो व मादी घरटे पारखून पसंत करते, हे ऐकून वर्गात हशा पिकतो. राहते घरटे मात्र कधीही हलवू नये.

(३) आवाजांची ओळख : तीन मिनिटे डोळे मिटून पडवीत बसावे व प्रत्येक निराळ्या आवाजास एक खडा ठेवावा. मृगाच्या सुमारास ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा सहज ओळखू येतो. भारद्वाजास घरी ‘कुंभारकुकडा’ म्हणत असल्यास ते नाव खोडू नये. दोन्ही नावे शेजारी लिहावी.

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. सालिम अली यांनीही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून त्यांनी मामांना प्रश्न केला. मामांनी त्यांना रागे न भरता १९०८ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांजकडे धाडले. तेथे पक्ष्यांचा संग्रह पाहून त्यांच्या जन्माच्या अभ्यासास आरंभ झाला. वर्गात एखादे मूल जखमी पक्षी हाती घेऊन आल्यास शिक्षकांनी हा प्रसंग अवश्य आठवावा.